चौथं चॅप्टर आणि पोलिसांनी लिहून ठेवलेली एक ओळ

एका पुस्तकातल्या एका पानावरून प्रकाशन कितीतरी महिने अडकलं. ते का अडकलं आणि कसं सुटलं हे नीट लिहून ठेवतेय, कारण गोव्यात आता बायकांच्या इतिहासावर पीएचडी करणाऱ्या मुली बऱ्यापैकी आहेत आणि बहुतेकींच्या फायलीत असं एखादं पान असणारच. मी फोंड्यात राहते, इंग्रजी-मराठी हस्तलिखितांचं कॉपीएडिटिंग आणि इंडेक्सचं, म्हणजे पुस्तकाच्या शेवटी येणाऱ्या नावा-विषयांच्या सूचीचं, काम करते, ह्या पुस्तकाचंही केलं, म्हणून सगळा पत्रव्यवहार माझ्यासमोरून गेला. नावं देत नाही, ना गावाचं, ना प्रकाशकाचं, आणि ओळख पटेल असे बारीक तपशील बदललेत. जिचं पुस्तक, ती कॉलेजात इतिहास शिकवते, तिला इथे नुसतं ताई म्हणते.

विषय होता गोवा मुक्तीच्या लढ्यातल्या बायका, १९४६ ते १९६१. आता ह्यातली काही नावं सगळ्यांना माहीत आहेत. १८ जून १९४६ ला मडगावात लोहियांची सभा झाली, त्यानंतरच्या सत्याग्रहात वत्सला कीर्तनींना पकडलं तेव्हा बायका पोलीस स्टेशनवर चालून गेल्या, आम्हालाही पकडा म्हणून. सुधाताई जोशींना एप्रिल १९५५ ला म्हापशात अटक झाली. मित्रा बीरना बारा वर्षांची शिक्षा झाली, वय जेमतेम बावीस. लिबिया लोबो सरदेसाईंनी १९५५ पासून थेट मुक्तीपर्यंत भूमिगत रेडिओ चालवला, त्यांना २०२५ ला पद्मश्री मिळाली. ताईला ह्यांच्यावर परत लिहायचं नव्हतं. तिला हव्या होत्या त्या घरातल्या बायका, म्हणजे ज्यांनी भूमिगत पोरांना माळ्यावर लपवलं, पेज वाढली, साडीच्या ओच्यातून पत्रकं ह्या गावातून त्या गावात नेली आणि १९ डिसेंबर १९६१ नंतर परत चुलीपाशी गेल्या, झालं.

ह्या बायका कुठल्याच यादीत का नाहीत ह्याचं एक अगदी साधं सरकारी कारण आहे. केंद्राची स्वातंत्र्यसैनिक पेन्शन १९७२ ला सुरू झाली, तिच्या नियमात तुरुंगवास निदान सहा महिन्यांचा पाहिजे, बायकांना सवलत म्हणून तीन. भूमिगत म्हणून अर्ज करायचा तर तुम्ही फरारी जाहीर झालेले असायला हवेत, नाहीतर डोक्यावर बक्षीस किंवा न बजावलेला स्थानबद्धतेचा हुकूम तरी हवा. आता जिने फरारी माणसाला जेवायला वाढलं तिच्या डोक्यावर बक्षीस कोण लावणार? तिला क्वार्तेलात म्हणजे पोलीस ठाण्यात बोलावलं, दिवसभर उभं ठेवलं, धमकावलं, संध्याकाळी घरी पाठवलं. ह्याचा दाखला कुठून आणायचा! लढ्यात कोण होतं हे पेन्शनच्या फॉर्मने ठरवलं आणि बायका त्या फॉर्ममध्ये मावल्या नाहीत, हा ताईच्या थिसिसचा कणा. मला तो फार महत्त्वाचा वाटला आणि आजही वाटतो.

थिसिसचं पुस्तक करताना जे सगळ्यांचं होतं ते तिचंही झालं. लाखभर शब्द, त्यातले ऐंशी हजारांवर आणा म्हणाले, तेही तळटिपा धरून. पूर्वीच्या संशोधनाचा आढावा घेणारं चॅप्टर पूर्ण गेलं, पद्धतीवरचं चॅप्टर प्रस्तावनेत चार पानांवर आलं. प्रपोजलमध्ये पुस्तक कशाबद्दल, चॅप्टरवार गोषवारा, कोण वाचणार, ह्या विषयावरची दुसरी पुस्तकं कोणती आणि हे वेगळं कसं, शिवाय दोन नमुन्याची चॅप्टर्स. प्रमोशनचा प्रश्न होताच, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या म्हणजे यूजीसीच्या २०१८ च्या नियमात आंतरराष्ट्रीय प्रकाशकाच्या पुस्तकाला १२ गुण, राष्ट्रीय प्रकाशकाला १०, त्यामुळे घरगुती प्रकाशनाचा विचार बाजूला पडला. दिल्लीच्या एका प्रकाशकाने रस दाखवला आणि हस्तलिखित दोन अनामिक परीक्षकांकडे गेलं.

गाठ पडली ती चौथ्या चॅप्टरमध्ये.

त्यात फोंडा तालुक्यातल्या एका बाईची हकीकत आहे, घरचे तिला मावशी म्हणत. तरुणपणी विधवा झालेली, कुळागरात म्हणजे माडा-पोफळींच्या बागेत घर, मागच्या दाराने ओहोळाकडे उतरायची वाट, त्यामुळे भूमिगतांना सोयीचं. तिला दोनदा क्वार्तेलात नेलं, शिक्षा झाली नाही, अर्थात ताम्रपट नाही, पेन्शन नाही. तिच्या पुतण्याने ताईला भरभरून मुलाखत दिली, फोटो दिला, सहीचा कागद दिला. पुढे ताईला पोलिसांचे कागद मिळाले. तिने पणजीच्या पुराभिलेखात काम केलं होतं आणि लिस्बनच्या तोर्रे दो तोंबो ह्या राष्ट्रीय पुराभिलेखातही, जिथे पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार ह्याच्या गुप्त पोलिसांचे म्हणजे पीडेचे कागद ठेवलेत. नेमका हा कागद कुठल्या पेटीतला हे अर्थातच सांगत नाही. त्यात एका खबऱ्याची जबानी होती, आणि तिच्याखाली अधिकाऱ्याचा शेरा, की ह्या विधवेकडे रात्री पुरुष येतात, बाई चांगल्या चालीची नाही.

ताईने ती ओळ पोर्तुगीजमधून भाषांतर करून चॅप्टरमध्ये घातली होती, खाली दोन परिच्छेद चर्चा. दुसऱ्या परीक्षकाने लिहिलं की हे पान म्हणजे पुस्तकाचा आत्मा आहे, जबानी तुकड्यात देऊ नका, पूर्ण द्या, मूळ पोर्तुगीजसकट द्या. आणि त्याच सुमारास ताई छापील पानं घेऊन पुतण्याकडे गेली. तो निवृत्त प्राथमिक शिक्षक, रोज मराठी पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणारा माणूस. इंग्रजी पान त्याने बोट ठेवून ठेवून वाचलं आणि म्हणाला, "हें पान काडून उडयात, मॅडम." म्हणजे हे पान काढून टाका. तोवर तो तिला ताई म्हणायचा.

सहीचं काय, असं प्रकाशकाकडून विचारलं गेलं. सही होती. पण सही मुलाखतीला होती, पोलिसांच्या कागदाला नव्हती, तो कागद सही झाली तेव्हा कुणी पाहिलेलाच नव्हता. मुलाखत देताना माणूस स्वतः काय सांगतो त्याला होकार देतो, त्याच्या शेजारी छापताना आणखी काय ठेवलं जाणार त्याला तो होकार देऊच शकत नाही, कारण ते तेव्हा अस्तित्वात नसतं. मौखिक इतिहासाच्या कामात मला हे सगळ्यात कळीचं वाटतं आणि आपल्याकडचे संमतीचे छापील फॉर्म ह्याबद्दल एक अक्षर बोलत नाहीत. पान तयार झाल्यावर परत जायचंच असतं, आणि ते परीक्षकांकडे पाठवण्याच्या आधी, नंतर नाही. नंतर गेलं की दोन्हीकडून ओढाताण होते, इथे झाली तशी.

प्रकाशकाच्या वकिलाने कायद्याचा मुद्दा काढला, तो तुलनेने लवकर मिटला. आपल्या कायद्यात मेलेल्या माणसाबद्दल लिहिलेलंही बदनामी ठरू शकतं, ते माणूस जिवंत असतं तर त्याच्या नावाला धक्का बसला असता असं असेल आणि घरच्यांच्या भावना दुखवायचा हेतू असेल तर. जुन्या दंडविधानात हे ४९९ कलमाखाली होतं, आता भारतीय न्याय संहितेत ३५६. इथे हेतूचा प्रश्नच नव्हता, वकिलाने तसं कळवलं. पण कॉन्ट्रॅक्टमध्ये एक कलम असतं की पुस्तकावरून काही दावा झालाच तर खर्च लेखकाचा, ते वाचून ताईची झोप उडाली होती, आणि नवीन लेखिकांनी ते कलम सही करायच्या आधी वाचावंच असं मी हात जोडून सांगते.

मग पर्याय काय होते? पान काढून टाकायचं हा पहिला. ताई त्याला तयार होती खरं तर, मीच नको म्हटलं. ते पान गेलं की चॅप्टरमध्ये उरते एक प्रेमळ बाई जी पोरांना जेवायला घालायची, आणि तिने काय मोल दिलं ते नाहीसं होतं. नाव बदलायचं हा दुसरा, पुस्तकात कुणी सहज सुचवतं तसा. पण फोंड्यात कुळागर, तरुण विधवा, मागचा ओहोळ एवढं म्हटलं की त्या गावातल्या माणसाला नाव सांगावं लागत नाही. शिवाय जी बाई आधीच सगळ्या याद्यांमधून गळली तिचं नाव आपणही काढून घ्यायचं, हे पुतण्यालाच मान्य नव्हतं. नाव हवं आणि ओळ नको, असं त्याचं म्हणणं, आणि त्यात मला काही विसंगत वाटलं नाही.

ताईने परत सगळ्या टिपणांकडे बघायचं ठरवलं. तिच्याकडे आणखी बायकांचे चौकशीचे कागद होते, पुरुषांचेही होते. ते तिने समोरासमोर ठेवले. तिने पाहिलेल्या कागदांत पुरुषाला विचारलंय पक्ष कुठला, पैसे कोण देतं, शस्त्रं कुठे आहेत, सीमेपलीकडे कुणाशी बोलणं आहे. बाईला विचारलंय नवरा कुठे असतो, घरी कोण येतं, किती वाजता येतं, का येतं. एकापेक्षा जास्त बायकांच्या कागदावर चालीबद्दलचा शेरा होता, आणि त्यातल्या काही नवऱ्याबरोबर नांदणाऱ्या होत्या. म्हणजे पोलिसांना बाई राजकारण करत असेल हे डोक्यात घेताच येत नव्हतं, रात्री दार उघडलं ह्याचा त्यांच्याकडे एकच अर्थ होता. हे एकदा दिसल्यावर ती ओळ मावशीबद्दल काही सांगेनाशी झाली, पोलिसांबद्दल सांगायला लागली, आणि चॅप्टरची रचनाच फिरली. आधी मावशीची गोष्ट आणि मध्ये पुरावा म्हणून ती जबानी असं होतं. आता पोलीस बायकांबद्दल काय लिहायचे ह्यावर स्वतंत्र भाग आला, त्यात वेगवेगळ्या कागदांतल्या ओळी एकत्र, कुठली ओळ कुणाची हे न सांगता. मावशीची हकीकत त्याच्यानंतर, तिच्या नावानिशी, घरच्यांच्या शब्दांत.

हा भाग ताईने मराठीत लिहून काढला आणि घरी जाऊन मोठ्याने वाचला. तिथे मावशीची जाऊ होती, खूप वय झालेली, त्या घरात त्या काळी राहिलेली एकटीच हयात. पुतण्याला वाटत होतं तिला हे ऐकवू नये. ती ऐकून म्हणाली की हे मला ठाऊक आहे. पोलिसांनी हे फक्त कागदावर लिहिलं नव्हतं, अंगणात उभं राहून शेजारीपाजारी ऐकतील असं ओरडून सांगितलं होतं, आणि त्यानंतर मावशीने जत्रेला जायचं सोडलं. पुतण्याला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं, तो तेव्हा पाळण्यात. मग म्हातारी ताईला म्हणाली, "बरय, पूण तांणीं म्हळां म्हूण बरय." लिही, पण ते असं म्हणाले म्हणून लिही.

इतिहास म्हणून बघितलं तर ही नवी साक्ष होती. चारित्र्यावरचा शेरा ही अधिकाऱ्याची खासगी मतं नव्हती, गावाने बाईला वाळीत टाकावं आणि आसऱ्याचं घर बंद पडावं ह्यासाठी वापरलेलं हत्यार होतं. कासिमिरो मोंतेरोसारख्या पोलिसाच्या मारहाणीबद्दल गोव्यात सगळे बोलतात, लिहिलंही गेलंय. ह्या दुसऱ्या प्रकाराचे वळ दिसत नाहीत म्हणून त्याची नोंद झाली नाही. ताईने जाऊबाईंची संमती वेगळी घेतली, कागद वाचून दाखवून, पुतण्याच्या समोर, आणि जत्रेची गोष्ट छापायची का हेही स्वतंत्र विचारलं.

दुसऱ्या परीक्षकाला उत्तर लिहायचं काम मोठं होतं. सूचना का मानली नाही हे नुसत्या भावनेवर सांगता येत नाही, तिथे मुद्दा लागतो. ताईने लिहिलं की जबानी पूर्ण छापली तर वाचकाचं लक्ष एका बाईवर राहतं आणि पोलिसांची पद्धत झाकली जाते, तुलनेत ती उघडी पडते, शिवाय अंगणातल्या प्रसंगाची साक्ष आता जोडीला आहे. परीक्षकाने मान्य केलं, उलट हे जास्त भक्कम झालं असं कळवलं. अडलं ते तळटिपेवर. फाइलचा पूर्ण क्रमांक दिला की कोणीही ती काढून दहा मिनिटांत नाव शोधेल, मग वर नाव न देण्याला अर्थ काय? आणि क्रमांक नाही दिला तर दुसऱ्या संशोधकाने पडताळायचं कसं? शेवटी तळटिपेत संग्रहाचं आणि मालिकेचं नाव दिलं, सुटा क्रमांक दिला नाही, तो संपादकाकडे ठेवला, आणि प्रस्तावनेत तसं स्पष्ट लिहिलं. मला हा तोडगा पटतो. त्याची किंमत आहे हेही खरं, उद्या एखादी चांगली संशोधक त्याच कागदावर वेगळं काही वाचू शकली असती, तिचं काम आपण अवघड केलंय.

इथे सुटलं असं सगळ्यांना वाटलं आणि मग मार्केटिंगकडून पुस्तकाची माहिती असलेला कागद आला. त्यातलं पहिलंच वाक्य एका तरुण विधवेच्या दारात रात्री कोण यायचं ह्यावर होतं, वाचकाला खेचण्यासाठी. ज्याने लिहिलं त्याने वाईट हेतूने नाही लिहिलं, त्याच्याकडे जुन्या प्रपोजलचा गोषवारा होता, त्यातून उचललं. पण बघा, चॅप्टरमध्ये इतकं सांभाळून जे केलं ते मागच्या कव्हरवर चार ओळींत उलटं झालं असतं, आणि दुकानात पुस्तक हातात घेणारा मागचं कव्हरच वाचतो. कॉन्ट्रॅक्टमध्ये ब्लर्बवर, म्हणजे मागच्या कव्हरवरच्या ह्या मजकुरावर, लेखिकेचा सल्ला घ्यायचं होतं, मंजुरी घ्यायचं नव्हतं. संपादक बाई समजूतदार होत्या म्हणून बदललं गेलं. ही गोष्ट कुणाच्या समजूतदारपणावर सोडू नये, सहीच्या आधी 'मंजुरी' हा शब्द मागावा. मिळतो बऱ्याचदा, लोक मागत नाहीत.

तसंच चॅप्टरच्या गोषवाऱ्याचं. आता शैक्षणिक पुस्तकं ऑनलाइन सुट्या चॅप्टरने वाचली जातात, लायब्ररीतून मुलं चौथं चॅप्टर तेवढं उतरवून घेतात, प्रस्तावना उघडतही नाहीत. त्यामुळे प्रस्तावनेत कितीही सुंदर स्पष्टीकरण असलं तरी ते चौथ्या चॅप्टरच्या आत, त्या भागाच्या सुरुवातीला परत लिहावं लागतं. संपादकाला ते पुनरुक्ती वाटली, आम्ही दोघींनी ती ठेवायला लावली. कीवर्ड्समधूनही एकदोन शब्द काढले, शोधणारा ज्या शब्दाने येतो तोच शब्द घेऊन तो पान वाचतो.

आणि इंडेक्स, माझं काम. पानांचे आकडे पक्के झाल्याशिवाय इंडेक्स होत नाही, म्हणजे ते शेवटच्या प्रूफच्या वेळी, घाईत, आणि तेव्हा मजकूर बदलायचा तर ठराविक मर्यादेपलीकडचा खर्च लेखकाकडून घेतात. सॉफ्टवेअरने काढलेल्या कच्च्या यादीत मावशीच्या नावाखाली उपनोंद आली होती चारित्र्याबद्दलच्या आरोपाची, कारण जत्रेचा प्रसंग तिथे आहे. पुस्तक न वाचता नुसता इंडेक्स चाळणारे कितीतरी असतात, गावातलं कुणी पुस्तक उघडलं तर पहिल्यांदा आपल्या माणसाचं नाव मागेच शोधणार. मी ती नोंद 'पोलीस' ह्याखाली नेली, पोलिसांची बायकांच्या चारित्र्यावर नोंदी करण्याची पद्धत, अमुक पानं. मावशीच्या नावाखाली आता आहे आसरा देणं, चौकशी, पेन्शन न मिळणं, कुळागर आणि घर. नाव एक, पानं तीच. पण त्या बाईचा हात धरून वाचकाला कुठल्या दाराने आत न्यायचं हे इंडेक्स करणारीने ठरवलेलं असतं, आणि हे काम मशीनवर सोडायला माझा ठाम विरोध आहे.

पुस्तक आलं. हार्डबॅक, लायब्ररीसाठी, किंमत हजाराच्या पुढे, ताईला लेखिका म्हणून मोजक्या प्रती. त्यातली एक पुतण्याला दिली, त्याने फोटोचं पान उघडून ठेवलं. जाऊबाईंना इंग्रजी येत नाही, घरात कोकणी बोलतात आणि वाचतात मराठी, म्हणजे ज्यांच्या भरवशावर पुस्तक उभं राहिलं त्यांना ते वाचता येत नाही. हे थिसिसच्या दिवसापासून दिसत होतं, म्हणून ताईने कॉन्ट्रॅक्टच्या वेळी भारतीय भाषांतले भाषांतराचे हक्क स्वतःकडे ठेवून घेतले होते. प्रकाशकाने खळखळ केली नाही, त्यांना मराठीत काही करायचंच नव्हतं. न मागता ते हक्क प्रकाशकाकडे गेले असते आणि तिथेच पडून राहिले असते, अशी पुस्तकं मी पाहिलीत.

मराठी आवृत्तीचं काम आता चालू आहे. यूजीसीच्या त्याच कोष्टकात पुस्तकाच्या भाषांतराला ८ गुण आहेत, ताईला त्याची गरज नाही आता, पण तिच्या विद्यार्थिनी मदत करतायत त्यांना सांगितलं. मराठीत मात्र एक अडचण नव्याने आली. इंग्रजीत तो शेरा वाचणारा वाचक दूर दिल्लीत किंवा लंडनात बसलेला, मराठीत वाचणारा शेजारच्या वाड्यावरचा. वेगवेगळ्या कागदांतल्या ओळी एकत्र ठेवल्या तरी कुठली कुणाची हे इथले लोक ओळखतील, आणि ह्या खेपेला फक्त मावशीच नाही तर बाकीच्या बायकांच्या घरचेही. त्यामुळे ताई आता एकेका घरी जातेय, मराठी पानं घेऊन, छापायच्या आधी. दोन घरांनी हो म्हटलंय. एका घराने आपल्या आईची ओळ काढायला सांगितली, ती काढली, कारण न विचारता. मराठी प्रकाशकाच्या करारात ब्लर्ब, कव्हर आणि इंडेक्स तिन्हींवर लेखिकेची मंजुरी लागेल असं कलम मी लिहून दिलंय, ते त्यांच्या वकिलाकडे गेलंय.